पोपपदाला ८० वर्षांची मर्यादा असावी का?

वसईची लेक

पोप फ्रान्सिस फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमच्या जेमेली रुग्णालयात दाखल झाले आणि ३८ दिवस तिथेच होते. वय ८८, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. आमच्याकडे घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालली होती, मीही म्हणत होते. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. चर्चच्या आवारात तो काढला की लोक विषय बदलतात, म्हणून इथे मांडते.

बिशपने ७५ पूर्ण झाल्यावर आपला राजीनामा पोपकडे पाठवायचा असतो. कार्डिनलला, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याला, ८० पूर्ण झाले की नव्या पोपच्या निवडणुकीत मत देता येत नाही; पॉल सहावे यांनी १९७० मध्ये हा नियम केला. मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस २०१३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये, म्हणजे पोप निवडणाऱ्या कार्डिनलांच्या बंद बैठकीत, होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी त्यांना ८० पूर्ण झाले आणि चार महिन्यांनी फ्रान्सिस गेले, तेव्हा त्यांना मतदानाला बसता आलं नाही. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव आत होते. आता मला सांगा, पोप निवडण्यासाठी जे वय जास्त ठरतं, त्याच वयात पोप म्हणून सव्वाशे कोटींहून जास्त कॅथलिकांचा कारभार कसा चालतो?

बेनेडिक्ट सोळाव्यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, लॅटिनमधून राजीनामा जाहीर केला. अंगात बळ उरलं नाही, हे सगळ्या जगासमोर सांगायला केवढं धैर्य लागलं असेल! फ्रान्सिस यांनीही डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की निवड झाली त्याच वर्षी, तब्येतीमुळे काम अशक्य झालं तर असावं म्हणून, राजीनाम्याचं पत्र त्यांनी सही करून ठेवलं होतं. पॉल सहाव्यांनी १९६५ मध्ये तेच केलं होतं. म्हणजे खुद्द पोपना ही काळजी होती. मग ती कुणाच्या खणातल्या पत्रावर का सोडायची? ८० ला पायउतार, असा सरळ नियम करावा.

जुनी कागदपत्रं

ताई, प्रश्न रास्त आहे, पण उपाय पटत नाही. राजीनामा दिलेला पोप जिवंत असला की काय होतं, हे ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, १२९४ साली भोगलेलं आहे.

एप्रिल १२९२ मध्ये निकोलस चौथे वारले. कार्डिनल जेमतेम डझनभर, त्यात ओर्सिनी आणि कोलोन्ना या दोन रोमन घराण्यांचं हाडवैर. सव्वादोन वर्षं गादी रिकामी राहिली. अखेर ५ जुलै १२९४ रोजी त्यांनी पिएत्रो दा मोरोने या डोंगरात राहणाऱ्या एकांतवासी संन्याशाला निवडलं. वय ऐंशीच्या घरात. तुमच्या नियमात ते बसलेच नसते. राज्याभिषेकासाठी ते लाक्विला शहरात गाढवावर बसून आले आणि सेलेस्टिन पाचवे झाले. नेपल्सच्या राजाने, चार्ल्स दुसऱ्याने, त्यांना रोमला जाऊच दिलं नाही. नेपल्सला आपल्याजवळ ठेवून घेतलं. १२ नवे कार्डिनल नेमले गेले, त्यातले ७ फ्रेंच. या साध्या माणसाने तिथेही ध्यानासाठी लहानशी कुटी करून घेतली होती. पाच महिन्यांत ते खचले आणि १३ डिसेंबरला त्यांनी पद सोडलं.

राजीनामा देता येतो का, याचा सल्ला ज्यांच्याकडून घेतला त्यात बेनेदेत्तो काएतानी हे कायदेपंडित कार्डिनल प्रमुख होते. ११ दिवसांनी हेच काएतानी बोनिफेस आठवे म्हणून पोप झाले. सेलेस्टिन आपल्या डोंगरात परत जायला निघाले, पण बोनिफेसने माणसं पाठवून त्यांना पकडलं. समुद्रापलीकडे निसटायचा त्यांचा प्रयत्नही फसला. फुमोनेच्या किल्ल्यात त्यांना अडकवून ठेवलं आणि १९ मे १२९६ रोजी ते तिथेच वारले.

बोनिफेसला खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही, कारण त्याची भीती खरी होती. १२९७ मध्ये कोलोन्ना कार्डिनलांनी उघड जाहीर केलं की पोपला राजीनामा देताच येत नाही, सबब बोनिफेस पोपच नव्हेत. सेलेस्टिन जिवंत आणि मोकळे असते तर त्याच लोकांनी त्यांना पुढे करून फूट पाडली असती. एकाच वेळी दोन पोप आणि मग तीन पोप हे ख्रिस्तसभेने १३७८ ते १४१७ या काळात पाहिलंच. ते निस्तरताना ग्रेगरी बाराव्यांना १४१५ मध्ये पायउतार व्हावं लागलं. त्यानंतर ५९८ वर्षं कुणी राजीनामा दिला नाही, याला कारण आहे. तुम्ही तर दर पोपमागे एक माजी पोप तयार करायला निघालात.

कलमबहाद्दर

दोघांनीही मूळ कलम पाहावं. १९८३ च्या धर्मसंहितेचं, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाचं, कलम ३३२, पोटकलम २: पोपचा राजीनामा वैध ठरायला दोनच गोष्टी लागतात. तो स्वेच्छेने दिलेला हवा आणि नीट जाहीर केलेला हवा. तो कुणी स्वीकारावा लागत नाही. ८० ची सक्ती केली तर 'स्वेच्छेने' या शब्दाचं काय करणार?

आणि खरी फट दुसरीकडेच आहे. कलम ३३५ म्हणतं, गादी रिकामी असेल किंवा पूर्णपणे अडलेली असेल तर त्यासाठीच्या खास कायद्याप्रमाणे चालावं. रिकाम्या गादीचा कायदा आहे. अडलेल्या गादीचा, म्हणजे पोप जिवंत आहे पण शुद्धीवर नाही अशा वेळेचा कायदा कुणी केलेलाच नाही. फ्रान्सिस यांचं पत्र घ्या. अट पूर्ण झाली, हे ठरवणार कोण? वैद्य? कार्डिनल? एकालाही तो अधिकार नाही.

पणजीकर

८० ची रेघ ओढली तर काय काय पुसलं जातं ते बघा.

लिओ तेरावे १८१० चे. कामगारांच्या हक्कांवरचं, योग्य मजुरीवरचं त्यांचं प्रसिद्ध परिपत्रक निघालं १५ मे १८९१ रोजी. वय ८१. आजही ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण तिथूनच मोजतात, आणि आताच्या लिओ चौदाव्यांनी नाव घेतलं तेही त्यांच्याच आठवणीने. त्याच लिओ तेराव्यांनी १८८६ मध्ये पोर्तुगालशी करार करून पाद्रोआदोचा, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाला असलेल्या अधिकाराचा, तंटा बराचसा शमवला आणि गोव्याच्या आर्चबिशपला पूर्वेकडील इंडीजचे पॅट्रिआर्क ही पदवी दिली. ९३ व्या वर्षापर्यंत ते गादीवर होते.

जॉन तेविसावे निवडून आले तेव्हा ७६ वर्षांचे. म्हातारा माणूस आहे, चार दिवस गादी सांभाळेल, असाच लोकांचा कयास होता. तीन महिन्यांच्या आत त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेची, घोषणा केली. परिषद उघडली ११ ऑक्टोबर १९६२ ला. त्यांना ८० पूर्ण झाले होते नोव्हेंबर १९६१ मध्येच. तुमचा नियम असता तर परिषद उघडायच्या जवळजवळ ११ महिने आधी त्यांना घरी पाठवलं असतं. मराठीत आणि कोंकणीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकतो ती या परिषदेमुळे. मला तुमचा नियम मान्य नाही.

वसईची लेक

पणजीकर, मराठी मिस्सेचा मुद्दा मलाही फार जवळचा आहे. पण तुमच्याच उदाहरणाचा पुढचा भाग सांगते. जॉन तेविसावे ३ जून १९६३ रोजी गेले. परिषदेचं तोवर एकच सत्र झालं होतं. उरलेली तीन सत्रं ६५ व्या वर्षी निवडून आलेल्या पॉल सहाव्यांनी पार पाडली, आणि उपासनेची भाषा बदलण्याला मंजुरी देणारा दस्तऐवज डिसेंबर १९६३ मध्ये त्यांच्याच सहीने निघाला. एक पोप गेल्यावर काम थांबलं नाही. मग तो पोप ८० ला निवृत्त होऊन गेला असता, तर का थांबलं असतं?

आणि जुनी कागदपत्रं, सेलेस्टिनचा छळ झाला म्हणून राजीनामा वाईट, हे मला उलटं वाटतं. त्यांना राजाने वापरलं कारण ते थकलेले होते. त्यांचं हित पदावरून उतरण्यातच होतं. चूक कोंडणाऱ्याची होती.

साधा वाचक

तुम्ही सगळे कारभाराबद्दल बोलताय. मला २७ मार्च २००५ चा ईस्टर आठवतो. जॉन पॉल दुसरे खिडकीत आले. पार्किन्सन्सने शरीर वाकलेलं, घशाला नळी बसवलेली. आशीर्वाद द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. सहा दिवसांनी ते गेले. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. टीव्हीवर ते दृश्य बघून ते म्हणाले, "हा माझा पोप." ज्यांना जग टाकाऊ समजतं त्या सगळ्यांच्या वतीने तो माणूस तिथे उभा होता. बाप थकला म्हणून बापपणातून निवृत्त होत नाही. पोपला निवृत्तीचं वय लावलंत तर आजारी माणसाला तुम्ही काय सांगाल?

वसईची लेक

दादा, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून थोडा वेळ थांबले. त्या दृश्याची किंमत मी कमी करणार नाही.

पण त्याच काळातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. 'लीजन ऑफ क्राइस्ट' या संघाचा संस्थापक मार्सिआल मासिएल. त्याने मुलांचं लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी १९९८ पासून व्हॅटिकनकडे रीतसर दाखल होत्या. नोव्हेंबर २००४ मध्ये, त्याच्या धर्मगुरुपदाला ६० वर्षं झाली म्हणून, जॉन पॉल दुसऱ्यांच्या उपस्थितीत त्याचा गौरव झाला. मे २००६ मध्ये, नवे पोप आल्यावर, त्याला सार्वजनिक कार्यातून दूर करून प्रार्थना आणि प्रायश्चित्ताचं आयुष्य जगायला सांगण्यात आलं. सगळा दोष आजारपणाचा होता असं मी म्हणत नाही. पण पोप थकला की कागद कोणते पुढे जातात आणि कोणते मागे राहतात, हे भोवतालची माणसं ठरवतात. त्या मुलांचाही तो पोप होता.

जुनी कागदपत्रं

हा मुद्दा जड आहे आणि तो मी टाळणार नाही. पण मग नजीकचा अनुभवही पाहा. बेनेडिक्ट यांनी पद सोडलं, तरी पांढरा झगा आणि बेनेडिक्ट हे नाव ठेवलं, व्हॅटिकनच्या आवारातच राहिले, 'निवृत्त पोप' म्हणवले गेले. जवळजवळ दहा वर्षं, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत. मौन पाळीन असं वाटत होतं. जानेवारी २०२० मध्ये धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्यावरचं एक पुस्तक कार्डिनल साराह आणि बेनेडिक्ट या दोघांच्या नावाने आलं, तेही फ्रान्सिस अमेझॉनमधल्या विवाहित पुरुषांना दीक्षा द्यावी की नाही याचा निर्णय करत असताना. गदारोळ झाला आणि बेनेडिक्ट यांना सहलेखक म्हणून आपलं नाव काढायला सांगावं लागलं. काही लोक तर शेवटपर्यंत म्हणत राहिले की खरे पोप बेनेडिक्टच. कोलोन्नांचाच युक्तिवाद, ७०० वर्षांनंतर. आणि हे दोघं एकमेकांशी प्रेमाने वागणारे होते. तसे नसते तर?

कलमबहाद्दर

निवृत्त पोपने काय घालावं, कुठे राहावं याचेही नियम नाहीत. ते करता येतील. पण ८० च्या मर्यादेची अडचण वेगळी. पोपच्या वर कुणी नाही. कलम १४०४ प्रमाणे त्याचा न्याय कुणी करू शकत नाही. एका पोपने केलेला नियम पुढचा पोप एका सहीने रद्द करू शकतो.

हे घडलेलं आहे. विटेर्बो शहरात १२६८ पासून जवळजवळ तीन वर्षं निवडणूक रखडली. लोकांनी कार्डिनलांना कोंडलं, जेवण तोडलं, छप्परही काढलं. त्यातून निवडून आलेल्या ग्रेगरी दहाव्यांनी १२७४ मध्ये कॉन्क्लेव्हचा कडक नियम केला: कोंडून घ्या, तीन दिवसांत निकाल नाही तर जेवणाला एकच पदार्थ, पुढे पाच दिवसांनी नुसती भाकरी, पाणी आणि वाईन. दोनच वर्षांत, १२७६ मध्ये, एड्रियन पाचव्यांनी तो स्थगित केला. म्हणूनच १२९२ मध्ये सव्वादोन वर्षांचा घोळ होऊ शकला. तो नियम परत आणला सेलेस्टिन पाचव्यांनी, आणि १२९८ च्या संहितेत कायमचा बसवला बोनिफेसने. त्याच संहितेत पोपला राजीनामा देता येतो हेही बोनिफेसनेच लिहून ठेवलं.

वसईची लेक

म्हणजे संहितेत घातलेला नियम टिकतो. मग निदान कलम ३३५ चा राहिलेला कायदा तरी आता करावा. लिओ चौदावे सप्टेंबर १९५५ चे, त्यांना ८० पूर्ण होतील २०३५ मध्ये. पोप धडधाकट असताना असा कायदा केला तर तो कुणा एकाला हटवायला केला असं कुणी म्हणणार नाही. आणि ८० ची मर्यादा पुढच्या पोपपासून लागू करावी, यावर मी ठाम आहे.

जुनी कागदपत्रं

अडलेल्या गादीच्या कायद्याबाबतही मला भीती आहे, आणि ती पायस सातव्यांमुळे आहे. १८०४ मध्ये नेपोलियनच्या राज्याभिषेकाला पॅरिसला जाण्यापूर्वी त्यांनी राजीनाम्यावर सही करून ठेवली होती: मला तिथे कैद केलं तर मी पोप नाही, नवा निवडा. त्या वेळी ते सुखरूप परतले. १८०९ मध्ये मात्र नेपोलियनने त्यांना खरोखरच उचललं आणि पाच वर्षं अडकवलं. जानेवारी १८१३ मध्ये फॉन्टेनब्लोला, आजारी आणि खचलेल्या ७० वर्षांच्या पोपकडून त्याने करारावर सही काढून घेतली. दोन महिन्यांत पोपनी ती लेखी मागे घेतली. त्या दोन महिन्यांत 'गादी अडलेली आहे' असं जाहीर करायचा कायदा हाताशी असता, तर तो वापरायला नेपोलियनकडे कार्डिनल होते. पायस १८१४ च्या मे महिन्यात रोमला परतले, ते पोप म्हणूनच.

तुमच्या कायद्यात हे कसं अडवणार, ते लिहा. वाचायला मी तयार आहे.