भंगारातील भागांपासून छोटी पवनचक्की : जनित्र म्हणून काय वापरावे?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर सातारा जिल्ह्यात, वनकुसवडे पठाराच्या बाजूच्या एका सड्यावर आहे. घरावर 100 वॅटचे सौर पॅनेल आणि 12 व्होल्टची बॅटरी बसवलेली असून उन्हाळ्यात त्यावर घराचे आणि गोठ्याचे दिवे व्यवस्थित चालतात. मात्र जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत धुके आणि पाऊस यांमुळे पॅनेल जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि वारा तर नेमका त्याच महिन्यांत रात्रंदिवस वाहत असतो. म्हणून पावसाळ्यापुरती का होईना, एक छोटी पवनचक्की घरीच तयार करावी असा विचार आहे. गरज मोठी नाही: 9 वॅटचे दोन दिवे पाच तास आणि दोन मोबाइलचे चार्जिंग, म्हणजे दिवसाला साधारण 120 वॅट-तास.

भंगारवाल्याकडे तीन वस्तू पाहून ठेवल्या आहेत: जुन्या व्हॅनचा अल्टरनेटर, छताचा साधा पंखा आणि विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे मोटरसह मागचे चाक. पात्यांसाठी सहा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे घरी पडून आहेत. यांपैकी जनित्र म्हणून काय घ्यावे, आणि चक्की घराच्या पत्र्यावरच बसवता येईल का?

वेटोळे

आपण स्कूटरचे चाक घ्यावे. त्याचे कारण नीट समजून घेतले, तर पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच सुटतील.

भंगारातील कोणत्याही मोटरबाबत पहिला प्रश्न ती किती वॅटची आहे हा नसून, किती फेऱ्यांना किती व्होल्ट देते हा असतो. 1.2 मीटर व्यासाची तीन पात्यांची चक्की चांगली साधली, तर पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे सहापट असतो. म्हणजे सेकंदाला 3 मीटरच्या मंद वाऱ्यात ती मिनिटाला 285 फेऱ्यांच्या आसपास आणि 5 मीटरच्या वाऱ्यात 475 च्या आसपास फिरेल. मोटारीचा अल्टरनेटर हजारभर फेऱ्यांच्या खाली काही देत नाही, शिवाय त्यात कायम चुंबक नसल्यामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्र तयार करण्यासाठी बॅटरीतूनच प्रवाह द्यावा लागतो. छताच्या साध्या पंख्यातही चुंबक नसतात, त्यामुळे तो तसाच फिरवून वीज मिळणार नाही. आजकालच्या बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरच्या) पंख्यात मात्र चुंबक असतात आणि असा बिघडलेला पंखा मिळाला, तर एखाद्या दिव्यापुरता तो उपयोगी पडतो.

स्कूटरच्या हब मोटरमध्ये, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटरमध्ये, बाहेरच्या कड्याला आतून चुंबक बसवलेले असतात आणि ती मुळातच कमी फेऱ्यांसाठी बनवलेली असते. विकत घेण्यापूर्वी दोन चाचण्या तिथेच कराव्यात. तिच्या तीन जाड तारांची टोके एकत्र जोडून चाक हाताने फिरवून पाहावे. ते स्पष्टपणे जड झाले, तर वेटोळी आणि चुंबक शाबूत आहेत असे समजण्यास हरकत नाही. नंतर तारा सुट्या करून, सेकंदाला एक फेरा या गतीने चाक फिरवत कोणत्याही दोन तारांमधील एसी व्होल्टेज मल्टिमीटरवर मोजावे. 48 व्होल्टच्या अनेक मोटरींत ते 4 व्होल्टच्या जवळपास येते. त्याला 1.41 ने गुणले की रेक्टिफायरनंतरचा (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतरचा) आकडा मिळतो, आणि रेक्टिफायरमध्ये जाणारा सुमारे 1.4 व्होल्ट त्यातून वजा करावा लागतो. या हिशेबाने 12 व्होल्टची बॅटरी 145 फेऱ्यांनाच, तर 24 व्होल्टची सुमारे 275 फेऱ्यांना चार्ज होऊ लागेल.

इथे बहुतेकांना 12 व्होल्ट सोयीचे वाटतात, कारण चार्जिंग लवकर सुरू होते. प्रत्यक्षात बॅटरी जनित्राला त्याच व्होल्टेजजवळ धरून ठेवते, त्यामुळे पाती आवश्यक तेवढ्या वेगाने फिरूच शकत नाहीत आणि वारा वाढला तरी हवा पात्यांवरून नीट न वाहता नुसती घुसळली जाते. 1.2 मीटर व्यासासाठी 24 व्होल्ट ही योग्य जोडी आहे. दोन सारख्या बॅटऱ्या एकसर जोडून फक्त चक्कीसाठी ठेवाव्यात आणि घरच्या 12 व्होल्टच्या दिव्यांसाठी 24 चे 12 करणारा तयार कन्व्हर्टर वापरावा.

मिळणाऱ्या विजेचा अंदाजही आधीच घ्यावा. सुमारे हजार मीटर उंचीवर हवा थोडी विरळ असते, तिथे 1.2 मीटर व्यासाच्या वर्तुळातून 5 मीटरच्या वाऱ्यात सुमारे 78 वॅट इतकी ऊर्जा वाहत असते. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिल्याप्रमाणे कोणतीही चक्की त्यातील 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि घरगुती बांधणीत शेवटी चौथा हिस्सा हाती आला तरी काम उत्तम झाले असे मी मानतो. म्हणजे 19 ते 20 वॅट. असा वारा दिवसातून आठ तास वाहिला, तर आपली गरज भागून थोडी वीज शिल्लक राहील. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते, हे मात्र कायम लक्षात ठेवावे; फायदा आणि धोका दोन्ही त्यातच आहेत.

सांधेजोड

मी फॅब्रिकेशनचे काम करतो, म्हणून फक्त बांधणीबद्दल लिहितो. पत्र्यावर चक्की बसवू नये. तिची थरथर पत्र्यातून आणि कैच्यांतून सगळ्या घरभर जाते, आणि छपरावर आदळून उसळलेला वारा भोवऱ्यासारखा फिरत असल्याने पात्यांना त्याचा उपयोगही होत नाही. घरापासून दूर, मोकळ्या जागी सहा मीटरचा जी.आय. पाइप उभा करून त्याला चारही बाजूंनी टर्नबकल (ताण कमी-जास्त करणारे स्क्रू) लावलेल्या ताणाच्या तारा द्याव्यात आणि तळाशी बिजागरी करावी, म्हणजे दुरुस्तीसाठी वर चढावे लागत नाही, सगळा खांबच आडवा करता येतो. जागा उंच आणि उघडी असल्यामुळे खांबाला अर्थिंगही करावेच.

हब मोटरची तार तिच्या आसातून बाहेर येते. तेथून आत शिरलेले पाणी तुमच्या भागातील पावसात मोटर एका हंगामात गंजवेल. तार बाहेर पडताच खाली झोकदार वळवावी आणि तोंड सिलिकॉनने बंद करावे. पाती 4 मिलिमीटरच्या लोखंडी चकतीवर बसवून ती चकती हबवरील डिस्क ब्रेकच्या छिद्रांना बोल्टने जोडावी, प्रत्येक बोल्टला चेक नट (पहिला नट सैल होऊ न देणारा दुसरा नट) द्यावा, आणि तिन्ही पात्यांचे वजन व तोल जुळल्याशिवाय चक्की वर चढवू नये.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार. चाक घेण्याचे ठरवले आहे. माझ्याकडे सौर पॅनेलचा एक जादा चार्ज कंट्रोलर असून तो 24 व्होल्टवरही चालतो. तोच चक्कीला लावला तर चालेल का? जुलैतील सोसाट्याच्या वाऱ्यात चक्की थांबवण्याची सोयही हवी आहे.

वेटोळे

तो कंट्रोलर कृपया लावू नये. बॅटरी भरली की सौर कंट्रोलर जोडणी तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, पण चक्कीवरचा भार एकदम निघून जातो आणि ती बेफाम वेगाने फिरू लागते. पीव्हीसीची पाती अशा वेळी फुटून दूरवर फेकली जातात, आणि तुमच्याकडे तर जवळच गोठा आहे. चक्कीसाठी असा कंट्रोलर हवा, जो बॅटरी भरल्यावर जादा वीज एखाद्या तापणाऱ्या तारेच्या रोधाकडे वळवतो, म्हणजे भार कधीच सुटत नाही.

थांबवण्यासाठी रेक्टिफायरच्या आधी एक दणकट स्विच बसवून मोटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडण्याची सोय करावी. भंगारवाल्याकडे करायची चाचणीच येथे ब्रेकचे काम करते. फक्त हा ब्रेक वादळ येण्यापूर्वी, वारा मंद असताना लावावा, कारण पूर्ण वेगात तो पुरा पडेलच असे नाही. म्हणून शेपटीचीही योजना हवी: पात्यांचा आस खांबाच्या मध्यापासून काही सेंटिमीटर बाजूला ठेवून शेपटी तिरक्या बिजागरीवर बसवली, की जोराच्या वाऱ्यात पाती आपोआप बाजूला वळतात आणि वारा ओसरल्यावर शेपटीचे वजन त्यांना परत समोर आणते.

तारेबद्दलही लिहितो. खांब घरापासून 30 मीटरवर असेल, तर जाण्या-येण्याची मिळून 60 मीटर तार होते. 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत 6 अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट वाटेत जातो, जो 24 व्होल्टला परवडतो. तेवढीच वीज 12 व्होल्टने आणली असती, तर प्रवाह दुप्पट होऊन तीन व्होल्ट गेले असते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा.

सड्यावरची शाळा

आमच्या विद्यार्थ्यांसमवेत हा विषय अभ्यासताना मलावीतील विल्यम कामक्वाम्बाचे उदाहरण फार उपयोगी पडले. त्याने 2002 च्या सुमारास, शाळा सोडावी लागलेली असताना, सायकलची फ्रेम, ट्रॅक्टरचा पंखा आणि पीव्हीसी पाइप यांपासून चक्की उभी करून घरात दिवे लावले. त्याच्याकडे हब मोटर नव्हती, होता तो सायकलचा डायनामो, ज्याला पुष्कळ फेरे लागतात. ते फेरे त्याने सायकलच्या साखळीतून आणि मोठ्या चाकातून मिळवले, कारण चाकाचा एक फेरा होईपर्यंत डायनामोचे लहान डोके कितीतरी वेळा फिरते. हब मोटर हाती लागली नाही, तर आपल्यालाही हा मार्ग मोकळा आहे. मात्र साखळीत आणि चाकाच्या घर्षणात बरीच शक्ती जाते आणि पावसात टायरवरून डायनामो घसरतो, त्यामुळे पावसाळ्यासाठीच चक्की करायची असेल, तर भंगारवाल्याकडील ते चाक आधी आणून ठेवावे.