मित्रदेशांचं सामाईक लष्करी एआय: डेटा न दाखवता भरवसा ठेवायचा?

कंदील: मित्रदेशांनी मिळून लष्करी एआय बनवावं, पैसा वाचेल, वेग वाढेल, असं सगळीकडे बोललं जातंय. माझा विरोध आहे. दुसऱ्याच्या मॉडेलवर आपल्या सैनिकांचे जीव सोपवायचे, तर ते कशावर शिकलंय हे तपासायचा हक्क आधी हवा. तो कोणी देत नाही, कारण प्रशिक्षणाच्या चित्रांवरूनच आपला उपग्रह किती बारीक बघतो आणि सेन्सर कुठे कमी पडतो, हे समोरच्याला कळतं.

दर्यावर्दी: पण हे होतंय की! एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या उपेव्हनला ऑकस या संरक्षण भागीदारीतल्या अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांनी ड्रोन उडवले. मॉडेल उड्डाणातच नव्याने प्रशिक्षित केली, आपसांत बदललीसुद्धा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने शस्त्रनिर्यातीच्या नियमांतून ब्रिटन-ऑस्ट्रेलियाला बरीच सूट दिली.

कंदील: सूट दिली, पण वगळलेल्या तंत्रज्ञानांची यादी जोडूनच. आणि खऱ्या मोहिमेत मॉडेल हवेतच बदललं, तर बदललेलं मॉडेल कोणी तपासायचं, कधी?

अनुस्वार: मार्च २००३ आठवा. कुवेतच्या सीमेजवळ अमेरिकेच्या पेट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने परतणारं ब्रिटिश टोर्नेडो लढाऊ विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. विमानातले दोघेही गेले. विमानाची ओळख पटवणारी यंत्रणा बहुधा चालत नव्हती आणि पेट्रियटचे वर्गीकरणाचे निकष फार ढोबळ होते. त्यात एआय नव्हतं, साधे ठरलेले नियम होते. तरी हे घडलं.

दर्यावर्दी: हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. यंत्रणा वेगवेगळ्या राहिल्या की आपलेच आपल्यावर गोळ्या झाडतात. एकत्र बनवा, एकत्र तपासा.

अनुस्वार: एकत्र तपासायला निकष तरी एक हवेत. नाटोने २०२१ मध्ये जबाबदार वापराची सहा तत्त्वं ठरवली, पण तत्त्व म्हणजे चाचणी नव्हे. कायद्याचं तर विचारूच नका. क्लस्टर बॉम्बवर, म्हणजे असंख्य छोटे बॉम्ब विखुरणाऱ्या बॉम्बवर, बंदी घालणाऱ्या करारात ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया आहेत, अमेरिका नाही. सामाईक मॉडेलने लक्ष्य सुचवलं आणि अमेरिकेने त्यावर हाच बॉम्ब टाकला, तर मॉडेल घडवणाऱ्या ब्रिटिश अभियंत्याची जबाबदारी कुठे संपते? मला हा सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो.

दर्यावर्दी: अवघड आहे, मान्य. पण त्यासाठी काम थांबवू नका. करारातच लिहून घ्या: मॉडेल बदललं की प्रत्येक देश आपल्या डेटावर ते पुन्हा तपासणार, आणि नापास झालं तर वापर नाकारणार.

कंदील: नकाराचा हक्क लेखी मिळणार असेल, तर माझा विरोध मागे.