मदत हवी: गिरणीत पाणी शिरलं, चवथीआधी चालू करायची आहे

गिरण_साखळी
लगेच उत्तर हवंय. परवा रात्री गोव्यात साखळीला आमच्या गिरणीत पाणी शिरलं. काल दिवसभर घरच्या सगळ्यांनी मिळून चिखल उपसला. विम्याच्या माणसाने फोनवर सांगितलं की सर्व्हेअर येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. येणार कधी, ते सांगत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) वीस दिवसांवर आली. मोदकांना तांदळाचं पीठ, नेवऱ्यांना (करंज्यांना) गव्हाचं, वर खतखत्याचा (मिश्र भाजीचा) मसाला, वर्षभराची कमाई याच दिवसांत होते. मोटर वरून कोरडी दिसतेय. एकदा चालू करून बघू का? कृपया नेमकं काय ते सांगा.

वाइंडर_फोंडा
अजिबात चालू करू नका! मेन स्विच बंद आहे ना? मोटर किती एचपी, सिंगल फेज की थ्री फेज? पूर्ण बुडाली होती की अर्धी? किती तास पाण्यात होती? वरून कोरडी असण्याला काही अर्थ नाही. गाळ आत वाइंडिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांत जाऊन बसतो. वीज दिलीत तर मोटर तिथेच जळेल, आणि मग विमावाला म्हणेल की तुम्ही जाळलीत.

डिचोली_बाजार
भाऊ, आधी तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या, मामलेदाराकडे अर्ज द्या, पोच घ्या. 2021 च्या जुलैत माझ्या दुकानात पाणी आलं तेव्हा मी आधी दुकान धुतलं आणि मग अर्ज केला. भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा पुसून टाकली होती. दाखवायला काहीच उरलं नाही. तुमच्याकडे ती रेघ अजून असेल तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, आजच.

सरळ_हिशेब
एक महत्त्वाचं कुणी सांगत नाही. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत भरावं लागतं, कलम 17(5)(एच). विम्याचा दावा करताना तो आकडा धरायला विसरू नका.

गिरण_साखळी
जीएसटी नोंदणीच नाही हो, दळण-कांडपाची गिरण आहे. आणि मी भाऊ नाही, ताई म्हणा. मोटर दहा एचपी, थ्री फेज. पूर्ण बुडाली होती. रात्री दोनला पाणी आलं, सकाळी नऊला उतरलं. मेन बंद आहे.

वाइंडर_फोंडा
ताई, हे आधीच सांगायला हवं होतं. सात तास बुडालेली मोटर उघडायचीच. गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, बेअरिंग बदलायचे, मग बंद पेटीत मोठे बल्ब लावून दोन-तीन दिवस मंद उष्णतेवर वाळवायची. त्यानंतर मेगर (वाइंडिंगमधून वीज गळते का ते मोजायचं यंत्र) लावायचा. एक मेगाओहमच्या खाली दाखवलं तर वीज जोडायचीच नाही. वर गेलं आणि टिकलं तर वॉर्निश मारून परत भाजायची. स्टार्टर आणि एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) वाळवत बसू नका, नवेच घ्या. मीटर वीज खात्याकडून तपासून घ्या.

मेकॅनिक_म्हापसा
वाळवून काही होत नाही. मी तीस वर्षं हेच काम करतोय. बुडालेली मोटर सरळ रिवाइंड करायची, म्हणजे आतली तार नवीन गुंडाळायची. वाळवलेली मोटर आठ दिवस चालते आणि ऐन गर्दीत जळते.

वाइंडर_फोंडा
मेगर न लावता बसवली तर जळणारच. मी 2021 मध्ये सत्तरी तालुक्यातल्या मोटरी वाळवून दिल्यात, आजही चालतायत. रीडिंग न बघता सरसकट रिवाइंड सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करणं.

मेकॅनिक_म्हापसा
खिशाचं बोलू नका. ताईंची चवथ गेली तर कुणाच्या खिशाचं जाणार आहे?

वाळवंटीकाठ
मूळ मुद्दा कुणीच काढत नाही. वाळवंटी नदीच्या पात्रात गाळ साचलाय. 2018 साली खाणी बंद झाल्या तरी डोंगरावर टाकलेली माती पावसाबरोबर खाली येतेच आहे. काठाला भिंत बांधली, पंप बसवले, पण पात्र उथळ असेल तर पंप पाणी टाकणार कुठे?

डिचोली_बाजार
फक्त खाणीवर ढकलू नका. वर अंजुणे धरणाचं पाणी सोडतात ते याच नदीत येतं. पाणी सोडायच्या आधी बाजारात वेळेवर सांगितलं तर निदान गोणी तरी वर उचलता येतील.

गिरण_साखळी
नदीचं पोटतिडकीने बोलताय ते कळतं, पण ते नंतर. माझ्याकडे त्रेचाळीस डबे होते, लोकांनी दळायला ठेवलेले. तांदूळ, गहू, मिरच्या. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, त्या सगळ्या पाण्यात सुटल्या. काल चिखलातून डबे काढून रांगेत मांडले तर कुठला कुणाचा ते सांगता येईना. एका आजींचा पितळी डबा तेवढा ओळखू आला, झाकणाला दोरी बांधलेली असते म्हणून. आतले तांदूळ फुगून झाकण वर आलं होतं. या धान्याचे पैसे विमा देतो का?

कागद_वाचा
पॉलिसी कुणाच्या नावावर आहे? यंत्राची की फक्त मालाची? कर्ज आहे का?

गिरण_साखळी
मशीनवर कर्ज आहे. विमा बँकेने काढला, हप्ता खात्यातून कापला जातो. पॉलिसी मी कधी बघितलीच नाही.

कागद_वाचा
मग सगळं सोडून आज बँकेत जा आणि पॉलिसीची प्रत मागा. तीन गोष्टी बघा: पत्ता गिरणीचाच आहे का, यंत्र आणि माल दोन्ही धरलेत का, आणि पूर धरलाय का. 1 एप्रिल 2021 पासून लहान धंद्यांना भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी मिळते, तिच्यात पूर असतोच. गिऱ्हाइकांनी विश्वासाने ठेवलेला माल पॉलिसीत वेगळा लिहिलेला असेल तरच मिळतो, नाहीतर त्यावर आशा ठेवू नका.

आता "हात लावू नका" याबद्दल. नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेणं हे पॉलिसीधारकाचं कामच आहे. म्हणून विमा कंपनीला आजच ईमेल करा आणि बँकेला त्याची प्रत पाठवा: अमुक तारखेला पाणी आलं, मोटर गंजू नये म्हणून परवा सकाळी उघडून कारागिराकडे देत आहोत, त्याआधी सर्व्हेअर पाठवा. फोनवर बोलू नका, लेखी हवं. मोटरची नंबर प्लेट, आतला गाळ, बेअरिंग, सगळ्याचा व्हिडिओ काढा. काढलेले भाग भंगारात देऊ नका. दावा अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल. त्याला फी नाही.

काणकोणकर
ताई, 2 ऑक्टोबर 2009 ला काणकोणात पूर आला तेव्हा माझी बेकरी छपरापर्यंत भरली होती. भट्टी सुकायला महिना लागला. तेवढे दिवस मी शेजारच्या गावातल्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीवर रात्री पाव भाजून आणला आणि सकाळी माझ्याच गिऱ्हाइकांना वाटला. नफा शून्य, पण एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. तुम्ही ऑर्डरी घेणं थांबवू नका. वर राहिलेल्या कुणाच्या गिरणीवर रात्रीची पाळी मागा.

सरळ_हिशेब
मुख्यमंत्री रोजगार योजनेतून ईडीसीचं (गोवा सरकारच्या वित्त महामंडळाचं) कर्ज मिळतं, बघा.

काणकोणकर
त्यांच्या डोक्यावर एक कर्ज आहे, दुसरं कशाला? असलेल्याचे हप्ते पुढे ढकलून देतात का ते बँकेला लेखी विचारा.

गिरण_साखळी
बँकेतून आले. पत्ता बरोबर आहे, पूर आहे, मोटर आणि चक्की धरलीय. गिऱ्हाइकांच्या डब्यांचा उल्लेख नाही. ईमेल केला. आणि काय आश्चर्य, दुपारी सर्व्हेअरचा फोन आला, उद्या येतो म्हणाले. डिचोलीला मावसभाऊ आहे, त्याची गिरण उंचावर आहे. रात्री आठनंतर देतो म्हणाला.

भिजलेलं धान्य वाळवून परत देता येईल का? आणि चक्कीचे दगड?

वाइंडर_फोंडा
धान्य टाकूनच द्या ताई. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, मिरचीला तर बुरशी लगेच धरते. टाकायच्या आधी वजन करून फोटो काढा. दगड पाणी पितात. सुटे करून ब्रशने धुवा, पंख्याखाली उभे ठेवा, आच देऊ नका, तडा जाईल. बसवल्यावर टाकी लावून (छिन्नीने खाचा पाडून) घ्या, आणि पहिलं पाच-सहा किलो दळण फेकून द्या.

मेकॅनिक_म्हापसा
दगडांचं बरोबर सांगतायत. मोटरचं माझं मत तेच, पण मेगर बघून ठरवा.

गिरण_साखळी
डब्यांचं मी ठरवलंय. विमा देवो न देवो, धान्य मी भरून देणार. वही आहे, कुणी किती किलो दिलं ते लिहिलेलं असतं. पानं ओली झालीत, वाचता येतायत तेवढी मुलगी उतरवून काढतेय. उरलेल्यांना घरोघर जाऊन विचारेन. मोटर शुक्रवारी फोंड्याला आणू का?

वाइंडर_फोंडा
आणा. सर्व्हेअर बघून गेल्यावरच उचला. नंबर प्लेट काढू नका. मेगर तुमच्यासमोर लावतो.