फोनिक्सच्या तासाला चांदण्या हव्यात कशाला?

पाटीपुसणी: पहिलीला इंग्रजी फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला, शिकवणाऱ्यांना थेट विचारते. आवाज बरोबर सांगितला की बक्षिसाची चांदणी, हाताची घडी घातली की चांदणी, गप्प बसलं की आणखी एक. माझ्या मते हे बंद करावं. खेळच असा हवा की शिस्त त्यातच येईल. मी शब्द तोडून बोलते: म्, ॲ, ट्. मुलांनी मनात जोडायचं आणि मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम 'मॅट' म्हणायचं. कोणी आधीच ओरडलं तर शब्द पुन्हा पहिल्यापासून. रांग लावतानाही तेच: "ज्यांच्या नावाचा पहिला आवाज स्, त्यांनी उठा." कान टवकारल्याशिवाय आपली पाळी कळत नाही, त्यामुळे ढकलाढकली आपोआप कमी होते.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या लहान मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळू लागली. वाचनाचं असं व्हायला नको.

शेवटचा बाक: प्रयोग अर्धाच सांगितलात. ज्यांना काही कबूल न करता अचानक बक्षीस दिलं, त्यांची आवड घटली नव्हती. शिवाय ती मुलं मुळात चित्रवेडी. ज्याला अक्षर बघूनच रडू येतं, त्याची कुठली आवड मरणार? १९६९ मध्ये बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ या संशोधकांनी चौथीच्या वर्गात दोन गट केले. जागा सोडली किंवा मध्येच बोललं की गटाच्या नावापुढे खूण. कमी खुणांचा गट जिंकला, त्याला छोट्या सवलती. गोंधळ चांगलाच उतरला. मीही खुणाच वापरतो, आणि सुधारलेल्याला अधूनमधून न सांगता चांदणी.

किरकिऱ्या: गट हरला की खापर एकाच पोरावर फुटतं. मधल्या सुट्टीत त्याचं काय होतं तेही बघा.

शेवटचा बाक: खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही गट जिंकतात, नियमच तसा आहे. मर्यादा सैल ठेवा.

हलंत: तुमचं भांडण चालू द्या, पण निम्मा दंगा पाठ चुकीचा घेतल्यामुळे होतो. 'ब, ॲ, ट' असं पूर्ण अक्षर म्हणून जोडलं तर 'बॅट' होतच नाही, 'बअॅट'सारखं काहीतरी होतं. मूल कंटाळतं आणि शेजाऱ्याला चिमटा काढतं. प्रत्येक व्यंजनाचा पाय मोडून म्हणा. आपल्याकडे 'क' हे नाव आणि आवाज जवळपास एकच, म्हणून आपण इंग्रजीतही तेच धरून चालतो. 'एच' या नावात ह् सापडतो का? अक्षरं २६, आवाज ४४ च्या आसपास. म्हणून ए, बी, सी या क्रमाने न जाता एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा आधी घ्या. तेवढ्यावरच सॅट, पिन, टॅप, निप असे ढीगभर शब्द जुळतात आणि मुलाला पहिल्या आठवड्यातच वाचल्यासारखं वाटतं.

आणि हात रिकामे ठेवू नका. कागदावर तीन चौकोन, समोर तीन बटणं. एकेक आवाज म्हणत एकेक बटण चौकोनात सरकवायचं. 'शिप'ला (ship) इंग्रजी अक्षरं चार, पण आवाज तीन, म्हणून बटणं तीनच लागतात. तिथे मुलं थबकतात, आपसात वाद घालतात. तो आवाज मला चालतो.

पाटीपुसणी: बटणं एकदम मान्य. पण त्याच बटणांनी नेमबाजी करणाऱ्याचं काय?

हलंत: त्यालाच बटणं वाटायला आणि मोजून गोळा करायला सांगा.

शेवटचा बाक: म्हणजे बक्षीसच की! मग माझी चांदणी का खुपते?

पाटीपुसणी: चांगला वागला म्हणून दिलं तर बक्षीस. मी पाळीनं देईन, मग ते काम.

शेवटचा बाक: भरल्या वर्गात त्याची पाळी यायला महिना जाईल. तोवर माझ्या चांदण्या चालू.