कोलानटला इंग्रजी कळत नाही, मग माझी अहिराणी का बदलू?

आंडेर_लागोस: माहेर शिरपूरकडचं, ६ वर्षं नायजेरियात, लागोसला आहे. अहिराणीत कथा लिहिते. परवा तिसऱ्या प्रकाशकाकडून हस्तलिखित परत आलं. 'मन्ही आंडेर' म्हणत माय रडते, तिथे लाल पेनाने 'माझी मुलगी' केलंय. खाली शेरा: प्रमाण मराठीत दिल्यास विचार करू.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांकडे गेले होते, ते इग्बो, म्हणजे इथल्या एका मोठ्या समाजातले, भाषाही इग्बोच. त्यांनी बशीतलं कोलानट, म्हणजे पाहुण्यांना देतात ते कडसर बी, उचललं आणि इग्बोत प्रार्थना केली. पाहुण्यांना इंग्रजी येतं की, म्हटलं. तर म्हणाले, "कोलानटला इंग्रजी कळत नाही." फोडलं तर चार पाकळ्या निघाल्या. म्हणजे एके, ओरिये, आफो, न्क्वो, त्यांचे चार बाजारवार. काका खुलले. मी हस्तलिखिताचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "ओन्ये क्वे, ची या एक्वे." माणूस हो म्हणाला की त्याचा ची, म्हणजे त्याचं स्वतःचं दैवत, हो म्हणतो.

ची म्हणजे आपली सटवाईच का? आणि तीनदा नकार आला, म्हणजे माझा ची नाहीच म्हणतोय का?

ओनित्शाकर: ताई, सटवाई कपाळावर लिहून निघून जाते. ची जन्मभर सोबत राहतो, आणि ज्याचा त्याचा वेगळा. इग्बोत म्हण आहे, आई एक असली तरी घडवणारा ची एक नसतो. नशिबाला मात्र तेही 'आकारा आका' म्हणतात, हातावरच्या खुणा. 'आपल्या चीशी कुस्ती खेळू नये' हीसुद्धा त्यांचीच म्हण, म्हणजे नुसत्या हट्टाने भागत नाही. पण प्रकाशक म्हणजे तुमचा ची नव्हे! इकेंगा पाहिलाय का? डोक्यावर शिंगं, उजव्या हातात सुरी, माणसाच्या कर्तबगारीची लाकडी मूर्ती. कामाला येत नसेल तर फोडून सरपण करा, असं म्हणणारे लोक आहेत हे. तीन नकारांना ते कौल मानणार नाहीत.

धुळेकर_मास्तर: ताई, भाषेला हात लावू नका. शेवटी शब्दार्थ द्या, शहरातल्या वाचकाचंही अडणार नाही. माझी आजी गेली तेव्हापासून मला 'आंडोर', म्हणजे मुलगा, म्हणणारं कोणी उरलं नाही. पुस्तकात तरी राहू द्या.

आंडेर_लागोस: मास्तर, शब्दार्थाचं पटलं, आज ४२ शब्द काढले. लाल खुणेशेजारी पेन्सिलने परत 'आंडेर' लिहिलं. रात्री लेकीला ती कथा वाचून दाखवली. जन्म लागोसचा तिचा, पण 'मन्ही आंडेर' आलं तशी मांडीवर येऊन बसली.