जाहिरात लागली की टीव्हीचा आवाज का वाढतो?

प्रश्न: मालिकेतले संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज १८ वर ठेवला, की जाहिरात लागताच घर दणाणतं. लहान मूल झोपलेलं असलं की फार त्रास होतो. काही सेटिंग आहे का? यावर नियम नाही का?

उत्तर १: आवाजाची कमाल पातळी मालिका आणि जाहिरात दोघांची साधारण सारखीच असते, फरक सरासरीत असतो. मालिकेत कुजबुज, शांतता, मग ओरडा असा चढउतार असतो. जाहिरातीत कॉम्प्रेशन करून हळू आवाजही वर ओढलेले असतात, त्यामुळे ३० सेकंद सगळंच जोरात. साउंड मेनूत 'ऑटो व्हॉल्यूम' (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) चालू करा. बऱ्याच संचांत ते अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये दडलेलं असतं. पार्श्वसंगीत थोडं दबल्यासारखं वाटेल, ते चालवून घ्या.

उत्तर २: साउंडबार असेल तर टीव्हीचं ऑटो व्हॉल्यूम बहुधा लागू होत नाही. बारवरच 'नाइट मोड' (मोठे आवाज दाबणारा मोड) लावा. संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर तोही, म्हणजे मुळात आवाज १२-१३ वर भागतो. खरा उपाय हाच.

उत्तर ३: नियम आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ७: जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, आणि तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यातली २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंची. तक्रार आधी वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. वाहिनी, तारीख, वेळ, जाहिरातीचं नाव लिहाच. 'आवाज फार असतो' एवढंच लिहिलेली तक्रार तपासताच येत नाही.