शेवटच्या बाकावरच्या बाईंना घरी कसं बोलवावं?

साधीसुधी: सर्वांना सलाम. तीन रविवार झाले, आमच्या चर्चच्या मंडळीत एक बाई उपासनेला येतात. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. शेवटच्या बाकावर, चपलांच्या रांगेला लागून बसतात आणि आशीर्वाद झाला की आम्ही मागे वळेपर्यंत गेलेल्या असतात. परवा मी धावत जाऊन त्यांना फाटकाशी गाठलं. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतात, घरी तेलुगू बोलतात. म्हटलं, आज आमच्याकडे जेवायला चला, भाकरी आणि शेंगाचटणी आहे. ‘नको ताई’ म्हणाल्या आणि मुलाचा हात घट्ट धरून निघाल्या. तो घट्ट धरलेला हात डोळ्यांसमोरून जात नाही. बायबलात मत्तय 25 मध्ये प्रभू येशू परक्याला घरात घेण्याबद्दल बोलतो. पण परक्याला यायचंच नसेल तर?

जुना बाक: पुढच्या रविवारी तुम्हीच शेवटच्या बाकावर जाऊन बसा. गीताचं पान काढून द्या. फक्त उभं करून ओळख करून द्यायला लावू नका. माझी सून त्या एका प्रसंगानंतर वर्षभर आली नव्हती.

कात्री_दोरा: माझी आई विड्या वळायची, म्हणून लिहिते. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि रोजच्या हजार विड्यांचा हिशेब कारखान्यात द्यायचा. दुपारी जेवायला गेलं तर तेवढ्या विड्या कोण वळणार? ‘नको’ म्हणजे तुम्ही नको, असं नसतं. शिवाय आई म्हणायची, आज त्यांच्याकडे जेवलो तर उद्या त्यांना बोलवावं लागेल, बसवणार कुठे?

बायबलात योहान 4 काढून बघा. शोमरोनी बाईला प्रभूने आधी काही देऊ केलं नाही, तिच्याकडे पाणी मागितलं. जक्कय नावाच्या जकातदारालाही ‘माझ्याकडे ये’ म्हटलं नाही, मीच तुझ्या घरी उतरतो म्हणाला. आपण मात्र नेहमी वाढणारेच व्हायला बघतो. तुम्ही त्यांच्याकडे जा आणि चहा मागा. मांडीवर विड्यांचं सूप असेल तर काम थांबवायला लावू नका. ‘बागुन्नारा?’ एवढं विचारायला शिकून जा, म्हणजे ‘बऱ्या आहात ना?’

जुना बाक: हे मला सुचलं नव्हतं. फक्त जाताना पत्रकं, पुस्तकं नेऊ नका. नुसत्या पाहुण्या म्हणून जा.

साधीसुधी: गुरुवारी जाऊन आले. मुलगा ‘अम्मा, चर्चवाली ताई’ ओरडत आत पळाला. मी चहा मागितला, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. सासूबाईंनी स्वतःच्या बाजूला चटई झटकली आणि ‘कूर्चोंडी’, म्हणजे ‘बसा’, म्हणाल्या. दोन तास बसले. बाई विड्या वळतच बोलत होत्या. घाई असते ती त्या हजाराचीच, कात्री_दोरा, तुमचं बरोबर होतं. निघताना म्हणाल्या, रविवारी सासूबाईंनाही आणते, पण त्यांना मराठी समजत नाही.

सोलापुरात कुणाकडे तेलुगू गीतांचं पुस्तक आहे का? रविवारच्या आत हवं आहे, मी येऊन घेऊन जाईन.